पेटीतलं कुंकू

कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघायचं, ही माझी सवय बोदवडची. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. दुकान बंद करून आम्ही घरी निघालो की अर्ध्या वाटेत माझे पाय थांबायचे. शटर नीट लागलं असेल ना? मी परत पळायचो. वडील रस्त्यातच थांबून राहायचे. ते कधी रागावले नाहीत. एकदाच म्हणाले, "एवढं भ्याचंच अशीन, तं भ्याचा पगार भेटीन असं काम पाय बाबा."

असं काम मला खरंच मिळालं. आता मी राजस्थानात आहे, जिथे नजर जाईल तिथवर पॅनेलच पॅनेल आहेत आणि आमच्याकडची बोली ऐकायची तर फोनच लावावा लागतो. पण या कामाची सुरुवात धुळ्यात झाली, आणि ते खरं कळलं शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा गावात. त्या गावाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. लिहायला बसलो की हात थांबायचा. नववीत शाळा सोडलेल्या माणसाने काय लिहायचं, हे एक. आणि लिहिलं की ते सगळं पुन्हा बघावं लागणार, हे दुसरं.

शाळा सुटली ती वडिलांचा उजवा हात लकव्याने गेला म्हणून. पुढे दुकानही राहिलं नाही. फैजपूरला दिलेल्या माझ्या बहिणीच्या दिराने धुळ्यातल्या एका कंपनीत चिकटवून दिलं. डोंगरपायथ्याच्या गावांमध्ये छोट्या सौरखोल्या बांधायच्या आणि त्या सांभाळायच्या, हे कंपनीचं काम. खोलीच्या छतावर पॅनेल, आत बॅटऱ्या, आणि तिथून गावातल्या घरोघरी तारा. वीज गावातच तयार होणार, गावातच वापरली जाणार. मोठी लाइन त्या गावांनाही होती, पण नावाला. वारं सुटलं की पडायची, आणि असायची तेव्हाही पंखा मोजून फिरायचा. सौरखोली आल्यापासून गाव त्या लाइनकडे बघेनासं झालं होतं.

त्या गावातल्या सौरखोलीची चावी अक्कांकडे होती. अख्खं गाव त्यांना अक्काच म्हणायचं, आणि त्यांच्या नवऱ्याला नाना. खोलीची एक भिंत त्यांच्या घराला लागून होती. पॅनेल पुसणं, आतल्या दिव्यांचे रंग बघणं, काही वेगळं दिसलं तर धुळ्याला फोन करणं, हे अक्कांचं काम. गावाने ते त्यांना दिलं त्याला कारण होतं. त्या विजेची सगळ्यात जास्त गरज त्यांच्याच घराला होती.

नाना उमेदीची वर्षं धरणगावकडे जिनिंगमध्ये होते. कापसाची धूळ छातीत बसली ती निघालीच नाही. म्हातारपणी गावी परतले तेव्हा चार पावलांवर दम लागायचा. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं. खाटेशेजारी ठेवलेलं, कपाटाएवढं नाही पण लहान मुलाच्या उंचीचं, हवा ओढून प्राणवायू देणारं. ते दिवसरात्र चालायचं. घर्र करायचं, मग फुस्स. सौरखोलीत उभं राहिलं तरी भिंतीपलीकडून तो आवाज यायचा. मशीनला एकसारखी वीज लागते. मोठ्या लाइनीवर ते टिकत नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गावात खात्रीची वीज असेल तरच घरी ठेवा, नाहीतर धुळ्यातच राहा. सौरखोली होती म्हणून नाना स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर, दारातून दिसणाऱ्या मोहाच्या झाडासमोर होते. "आते मले घर सोडीसन कोठेच जावानं नही," हे ते भेटेल त्याला सांगायचे. धमकी दिल्यासारखं सांगायचे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डबा उघडून खोलीच्या पायरीवर एकटाच बसलो होतो. अक्का आल्या, डब्यात डोकावल्या, आणि डबा उचलून घरात घेऊन गेल्या. मी मागून गेलो. आत ताटं मांडली होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर तेलाची धार.

"कथाना शे रे तू?" नानांनी नळी नाकाशी सारखी करत विचारलं.

"बोदवडचा हाये, नाना."

"ऐकं का?" नाना अक्कांना म्हणाले. "तावडीवाला शे. याले 'शे' म्हनता येत नही. हाये, हाये करस. जशी पोटमां कळ उनी."

आमच्या बोदवडकडच्या तावडी बोलीत 'हाये', त्यांच्या अहिराणीत 'शे'. अक्का हसल्या, मी हसलो, आणि नाना स्वतःच्या विनोदावर इतके हसले की खोकल्याची उबळ आली. त्या दिवसापासून त्या गावात माझा डबा मी कधी उघडला नाही.

मग पुण्याहून मॅडम आल्या. कंपनीने सौरखोल्यांची कुलपं बदलायचं काम काढलं होतं. दाराची कुलपं नव्हे, आतली. मॅडम त्या कामाच्या प्रमुख. मला त्यांच्यासोबत दिलं कारण मला सगळ्या गावांचे रस्ते माहीत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खोलीच्या कुलपाला दोनदा हिसका देताना पाहिलं आणि म्हणाल्या, "हे काम भीती वाटणाऱ्या माणसालाच द्यायला हवं. तू माझ्याबरोबर राहा." मी किती शिकलोय हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते बऱ्याच महिन्यांनी, आणि ऐकून फक्त "बरं" म्हणाल्या. त्या एका "बरं"चे उपकार माझ्यावर आहेत.

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. प्रत्येक सौरखोलीत एक पेटी असते. धुळ्याहून तिला हुकूम जातात, बॅटरी इतकी भर, इतकी सोड, आता थांब. हुकूम खरा आहे हे पेटीला कसं कळणार? तर हुकमाखाली एक सही असते, आकड्यांची. ती सही एका अवघड गणितावर उभी आहे. आजच्या कॉम्प्युटरला ते गणित सोडवायला लावलं तर पिढ्या संपतील. पण क्वांटम कॉम्प्युटर नावाची वेगळ्याच जातीची यंत्रं लोक बनवताहेत. ती आज तेवढी मोठी नाहीत. ज्या दिवशी होतील त्या दिवशी ते गणित सुटेल, आणि कुणीही परका धुळ्याची सही करून पेटीला सांगू शकेल, बंद हो. एका पेटीला नव्हे, एकाच वेळी सगळ्यांना.

हे बोलणं अक्कांच्या ओसरीवर चाललं होतं. नाना आतून ऐकत होते.

"म्हंजे चोर आजून जल्मना बी नही," ते म्हणाले, "आन् तुम्ही कुलूप लाई राहिनात!"

मॅडमना बोली अर्धीच कळली, पण अर्थ पुरता कळला. त्या उठून आत गेल्या आणि नानांच्या खाटेशेजारी बसल्या. "नाना, ही पेटी एकदा भिंतीवर लावली की वर्षानुवर्षं तिथेच राहणार. चोर जन्मेल तेव्हा ती इथेच असेल. तेव्हा धावाधाव करून डोंगरातल्या प्रत्येक खोलीत कोण पोचणार? म्हणून आज."

नानांनी थोडा विचार केला. "बरोबर शे," म्हणाले. "पोरगी हुशार शे." मग माझ्याकडे वळून, "तू नही."

जुन्या पेट्यांना नवी सही पेलवत नव्हती. नवी सही लांबलचक, जुन्या पेटीची आठवण तोकडी. म्हणून पेट्याच नव्या आल्या. राखाडी रंगाच्या, चार स्क्रूच्या, आत सर्किटची हिरवी पट्टी. नव्या पेटीचा एक गुण होता. कुणी तिचं झाकण उघडलं की ती आतली गुप्त किल्ली तत्क्षणी पुसून टाकायची. चोराने पेटी उचलून नेली तरी त्याच्या हाती कोरं डोकं लागावं म्हणून. आणि किल्ली पुसली गेली की ती पेटी परकी. परक्या पेटीचं खोली ऐकत नाही. थोडा वेळ वाट बघून गावाकडे जाणारी वीज तोडते.

हे शेवटचं मॅडमना पटलेलं नव्हतं. पेटी परकी झाली तरी गावाला हाताने वीज सुरू ठेवता यावी अशी एक कळ पाहिजे, असं त्या ऑफिसात पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी बाहेर बसून ऐकलेलं आहे. वरच्यांचं म्हणणं, कळ म्हणजे भोक, आणि भोक म्हणजे चोराला वाट. पुढच्या खेपेला बघू, असं ठरलं.

अक्कांच्या खोलीत पेटी बसवली तेव्हा मी स्वतः त्यांना सांगितलं, "अक्का, हे झाकण उघडायचं नाही."

"कधीच?"

"कधीच. कुणी सांगितलं तरी. मी सांगितलं तरी."

अक्कांनी पदराने झाकणावरची माझ्या बोटांची धूळ पुसली. "कोनी हात लावाव नही," म्हणाल्या. आणि खरंच, कुणाला लावू दिला नाही. पोरं खोलीच्या दाराशी आली की त्या घरातून ओरडायच्या. एकदा मोबाइल चार्ज करायला आलेल्या आपल्या सख्ख्या भावालाही त्यांनी पायरीखाली उभं केलं होतं.

खंडेनवमीला मला सुट्टी मिळाली नाही. घरी हा दिवस वडिलांचा. दुकान गेलं तरी हत्यारांची ट्रंक होती. डाव्या हाताने ते ती उघडायचे, पक्कड, पाने, कॉइल गुंडाळायचं चाक, सगळं बाहेर काढून धुऊन पाटावर मांडायचे. प्रत्येकाला कुंकू. लहानपणी मी एकदा आळस केला, ट्रंकेवरच बोट टेकवलं, तर म्हणाले, "ट्रंकीनं काय काम केलं रे? ज्यानं केलं त्याले लाव." आमच्याकडे सगळीकडे असंच. सकाळी धुळ्याच्या ऑफिसातही पूजा झाली. सर्व्हरच्या कपाटाचं दार सताड उघडून आत झेंडूची माळ घातली होती आणि मोठे साहेब तारांना लागणार नाही अशा बेताने अक्षता टाकत होते.

मी घरी जाऊ शकत नाही म्हणून अक्कांनी आदल्या दिवशीच फोन केला होता. "आमनाकडे ये. मांडे करी राहिनू." कंपनीची पिकअप त्या बाजूला जाणारच होती. दुपारी पोचलो. गाडीतून उतरलो तोवर खापरावरच्या मांड्यांचा वास रस्त्यावर आला होता. आत मशीन चाललेलं. घर्र, फुस्स.

"आधी पूजा देख," अक्का म्हणाल्या. हात धरून मला खोलीत घेऊन गेल्या. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं.

खोली शेणाने सारवली होती. बॅटऱ्यांना झेंडूची फुलं. आणि भिंतीवर पेटी, उघडी. चारही स्क्रू एका वाटीत धुऊन ठेवलेले. झाकण ताम्हणात, त्यावर हळद. आतल्या हिरव्या पट्टीवर, अगदी मधोमध, बोटाने लावलेला कुंकवाचा टिळा आणि दोन तांदळाचे दाणे. पेटीतला हिरवा दिवा लाल झाला होता.

मी खिशातून फोन काढला.

"बठ्ठा गावले उजेड देस ती," अक्का म्हणाल्या. "नानाले श्वास देस. तिले कुंकू नको का? झाकेल देवले कोनी हात जोडस का?"

मी मॅडमना फोन लावला. त्या आधीच चढलेल्या आवाजात बोलत होत्या, मागे गलका. माझं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कुंकू?" मी हो म्हटलं. त्यांनी दीर्घ श्वास सोडला. धुळ्यात सकाळपासून एकामागून एक खोल्या लाल होत होत्या. एकाच दिवशी, एकाच डोंगराच्या पट्ट्यात. ऑफिसात सगळ्यांना वाटलं होतं, तो चोर आला. ज्याची भीती होती ते यंत्र कुठेतरी सुरू झालं.

"मॅडम, नाना," मी म्हटलं.

"मला माहीत आहे. आता तिथे काहीच करता येणार नाही. वीज जायला फार वेळ नाही. सिलिंडर आहे ना त्यांच्याकडे? खाली घेऊन ये. आत्ता."

फोन ठेवून वळलो तर अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सांगितलं, झाकण उघडल्यामुळे पेटी सगळं विसरली, आता वीज जाईल.

"पन मी कोठे उघाडी?" त्या म्हणाल्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. "मी त पूजा करी."

 माझ्या घरीही तेच केलं असतं. वडिलांनी तेच केलं असतं. पूजेला उघडणं आणि उघडणं या दोन गोष्टी आमच्यात कधी एक नव्हत्याच.

छोटा सिलिंडर लावून नानांना चौघांनी खाटेसकट उचललं. पिकअपमध्ये गाद्या टाकल्या. ते पूर्ण शुद्धीत होते. आत तसंच चालू राहिलेल्या मशीनचा घर्र-फुस्स आवाज थांबला तेव्हा आम्ही त्यांना दाराबाहेर काढत होतो. नानांनी तो थांबलेला ऐकला. मोहाच्या झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चोर उना नही," ते म्हणाले, "आन् मालकच घरना बाहेर."

कुणी हसलं नाही, तेव्हा ते स्वतःच थोडं हसले. अक्का गाडीत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. शिरपूरच्या रस्त्याभर त्या आपल्या उजव्या हाताची तर्जनी लुगड्याला पुसत होत्या. कुंकू केव्हाच गेलं होतं.

शिरपुरात तपासून नानांना धुळ्याला पाठवलं. प्रकृती सावरली. डॉक्टर म्हणाले, घरी नेता येईल, मशीन चालेल एवढी वीज असू द्या. म्हणजे सगळं पेटीवर येऊन थांबलं. दवाखान्याजवळ एक खोली घेऊन त्यांना मशीनसकट ठेवलं. खाली गॅरेज, समोर हॉर्न, खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत.

पेटीला नवी किल्ली गावात बसून देता येत नव्हती. ते पुण्यालाच व्हायचं, आणि तेही चौकशी संपल्यावर. सगळीकडे टिळेच लागले होते की टिळ्यांच्या आडून खरंच कुणी आत शिरलं होतं, हे पक्कं होईपर्यंत एकही किल्ली द्यायची नाही, असा हुकूम निघाला. मॅडमनी जुनी पेटी तरी परत लावू द्या म्हणून सांगून पाहिलं. जुनी सही आता धुळ्यानेच बंद केली होती. यात कुणी वाईट नव्हतं. प्रत्येक जण आपापलं दार नीट लावून घेत होता, दोनदा ओढून बघत होता. मी त्यांच्यावर रागावू शकलो नाही, कारण मीही तसाच माणूस आहे.

ड्युटी संपली की मी नानांकडे जायचो. दारात पाय टाकला की त्यांचा एकच प्रश्न.

"पेटी उनी का?"

"येईल, नाना."

"तूच धरी आन. बसवर टाकीसन."

"आणतो."

मग ते मोहाच्या झाडाचं विचारायचे, जसं काही मी रोज तिकडूनच येत होतो. शेळ्या कोण बघतंय. छपरावरची पॅनेल कोण पुसतंय. अक्का कोपऱ्यात स्टोव्हपाशी. त्या खोलीत त्या फारसं बोलत नव्हत्या. एकदा मी निघताना त्या नानांना म्हणाल्या, माझ्यासमोर, पहिल्यांदाच, "मन्हा हातथून व्हयनं."

नानांनी नाकाशी नळी सारखी केली. "तू पूजा करी," ते म्हणाले. "चोरी नही करी." एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. मग मला म्हणाले, "हाये का नही?"

"हाये, नाना," मी म्हटलं.

"देख. आते बी शे म्हनत नही."

थंडी वाढली तशी त्यांची छाती भरत गेली. एका सकाळी मी ऑफिसला जाता जाता दूध द्यायला थांबलो. अक्का दारातच बसल्या होत्या. आत मशीन चाललं होतं, घर्र, फुस्स. ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी आत जाऊन ते बंद केलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ यंत्रं बंद केली आहेत. त्या बटणावरून बोट लवकर उचललं गेलं नाही.

नानांना आम्ही गावी नेलं. घर सोडून जायचं नाही म्हणणारा माणूस अशा तऱ्हेने घरी पोचला. गावात वीज नव्हती.

त्यानंतर चौकशी संपली. कुणी आत शिरलेलं नव्हतं. सगळे टिळेच होते. मॅडम स्वतः नवी पेटी घेऊन आल्या. सोबत एक जाड लोखंडी कळही होती, तिला साधं कुलूप, चावी गावाकडे राहणारी. पेटी परकी झाली तरी त्या कळीने गावाला वीज सुरू ठेवता येणार होती, फक्त गावाला, बाहेरच्या कुणालाही त्यातून वाट नव्हती. ही कळ आता सगळ्या खोल्यांत बसते. इथे राजस्थानात मी रोज बसवतो. तिच्या कागदावर लांबलचक नाव आहे. नानांचं नाव कुठे नाही.

मॅडम अक्कांच्या ओसरीवर बसल्या. अक्कांनी चहा दिला. मॅडमना तो पिता येईना. टिळा लागलेली पट्टी पुण्याला गेली होती, ती त्यांच्या टेबलावर होती. तपासायला घेतली तेव्हा वरचं कुंकू पुसायचं त्यांच्याने झालं नाही, असं त्यांनी मला गाडीत सांगितलं होतं. अक्कांना त्या तसं काही सांगू शकल्या नाहीत.

शेवटी अक्काच बोलल्या. "बाई, तो चोर उना का मंग?"

"नाही, अक्का. अजून नाही."

"येवाव शे का?"

"येईल. कधी ते मला सांगता येत नाही."

अक्कांनी मान हलवली. मॅडमसमोरचा गार झालेला चहा उचलला. मग म्हणाल्या, "मंग बसाडा पेटी."

मी पेटी भिंतीवर घेतली. तारा जोडल्या. झाकण हातात घेतलं, पहिला स्क्रू बोटात धरला, आणि मॅडम म्हणाल्या, "थांब." त्या दारात उभ्या असलेल्या अक्कांकडे वळल्या. "अक्का, पुण्यात भरलेली किल्ली अजून जागी झालेली नाही. झाकण लावल्यावर होईल. आत्ता लावा कुंकू. झाकणाच्या आतल्या बाजूला. एकदा आत लागलं की पुन्हा उघडायला नको."

आम्हाला हे तेव्हाच सुचायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. जे झालं त्याच्याआधी ते कुणालाच सुचलं नसतं.

अक्का आत जाऊन करंडा घेऊन आल्या. करंड्याचं झाकण उघडलं, आणि त्यांचा हात तिथेच राहिला. त्यांच्या कपाळावर आता काही नव्हतं. मॅडमच्या ते लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "लावा ना, अक्का. काही होत नाही." अक्कांनी नकार दिला नाही, रागावल्या नाहीत. करंडा फक्त माझ्यासमोर धरला.

"तू लाव रे भाऊ."

मी हात पँटला पुसला. झाकणाच्या आत, मधोमध, टिळा लावला. मग झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले आणि झाकण दोनदा ओढून बघितलं. मॅडमनी धुळ्याला फोन केला. थोड्या वेळाने पेटीतला दिवा हिरवा झाला. बाहेर कुणाच्यातरी घरात दिवा लागला असावा, पोरं ओरडली.

मी भिंतीला लागून उभा होतो. वीज सुरू झाली की पलीकडून आवाज येतो, याची कानाला सवय होती. कान लावून मी उभाच राहिलो. अक्का माझ्या मागे होत्या. त्याही ऐकत होत्या की नाही, मी वळून बघितलं नाही. पलीकडून काहीच आलं नाही.

"चाल," अक्का म्हणाल्या. "जेवाले चाल. तुना डबा उघाडू नको."